पावसाळ्यात सरपण धुमसते, पेटत नाही: कारणे आणि उपाय

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै लागला की एक तक्रार घरोघरी ऐकू येते. मे महिन्यात टेम्पोभर फाटी घेतली, पडवीत नीट रचली, तिला पावसाचा थेंबही लागू दिला नाही, तरी चुलीत घातल्यावर ती धुमसते, टोकाला फेस येतो, फुंकणी मारून डोळे लाल होतात आणि आंघोळीचे पाणी तापायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. पुढच्या वर्षी लोक विक्रेता बदलतात किंवा झाडाची जात बदलतात, आणि जुलैत पुन्हा तेच होते. याचे कारण असे की दोष बहुतेक वेळा जातीचाही नसतो आणि पावसाचाही नसतो. लाकूड उशिरा तोडले गेलेले असते आणि जाडच्या जाड ठेवलेले असते. जातीला महत्त्व आहे, परंतु ते मुख्यतः यासाठी की कोणते लाकूड केव्हा फोडावे आणि ते वाळायला किती अवधी द्यावा, हे जातीवरून ठरते.

आधी दोष लाकडाचा की चुलीचा, हे ठरवावे

लाकडाला दोष देण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. त्याच चुलीत नारळाच्या चार-सहा वाळलेल्या करवंट्या आणि गेल्या वर्षीची हाताशी असलेली एखादी खात्रीची वाळकी काटकी पेटवावी. त्यांनीही धूर धरला तर लाकूड निर्दोष आहे आणि अडचण हवेची आहे: चुलीत राख साठली आहे, तोंडाशी लाकडे कोंबून भरली आहेत, किंवा पाणी तापवण्याच्या बंबाच्या जाळीची भोके राखेने आणि खिळ्यामोळ्यांनी बुजली आहेत. बंबाच्या मधल्या नळीत आतून काजळीचा थर जमला की ओढ मंदावते आणि उत्तम वाळलेले लाकूडही गुदमरते. करवंट्या स्वच्छ जळल्या आणि लाकूड मात्र धुमसले, तर पुढे वाचावे.

धुमसण्याची तऱ्हाही काही सांगत असते. जळत्या टोकाच्या विरुद्ध बाजूने सूं सूं आवाज येऊन पाणी किंवा फेस निघत असेल तर लाकूड चक्क ओले आहे. त्याच्या नळ्यांमध्ये अजून मोकळे पाणी आहे. फेस नाही, परंतु जड, पिवळसर-पांढरा धूर निघतो आणि ज्वाळा धरता धरता मावळते, तर लाकूड अर्धवट वाळलेले आहे: बाहेरून कोरडे, आतून दमट. ही दुसरी अवस्था अधिक फसवी, कारण अशा ओंडक्याच्या टोकांना तडे गेलेले असतात आणि तडे दिसले की तो वाळला असे आपण धरून चालतो. वस्तुतः तडे एवढेच सांगतात की टोकाचा थर आतल्या भागापेक्षा लवकर आकसला. लाकूड चटकन भडकले, परंतु निखारा न धरता राख होऊन गेले, तर ते हलक्या जातीचे आहे. त्यावर वाळवण्याचा उपाय नाही.

खात्री करायची असेल तर ढिगातील सर्वांत जाड तुकडा मधोमध फोडावा आणि ताजी उघडी पडलेली बाजू गालाला लावून पाहावी. थंड आणि दमट लागली तर तो वाळलेला नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टणत्कार उमटतो की बद्द आवाज येतो, ही जुनी परीक्षाही चांगली आहे, मात्र सावरीसारख्या हलक्या लाकडाचा आवाज वाळल्यावरही फारसा खणखणीत नसतो, हे लक्षात ठेवावे. सर्वांत भरवशाची परीक्षा ताणकाट्याची आहे. ढिगातील एक मध्यम तुकडा निवडून त्यावर खडूने खूण करावी आणि दर आठवड्याला त्याचे वजन लिहून ठेवावे. वजन घटणे थांबले की त्या हवेत जेवढे वाळणे शक्य होते तेवढे ते वाळले.

पाणी नेमके काय बिघडवते

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात ढोबळमानाने निम्मे पाणी असते. ऐनासारख्या जड जातींत ते काहीसे कमी, सावर-पांगाऱ्यासारख्या हलक्या जातींत निम्म्याहूनही अधिक. ओले लाकूड वाईट, कारण उष्णता पाणी आटवण्यात खर्च होते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे, पण हिशेब केला तर अपुरे आहे. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ४५०० ते ५००० किलोकॅलरी उष्णता मिळते. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात कोरडे द्रव्य अर्धा किलो, म्हणजे साधारण २३०० किलोकॅलरी, आणि उरलेले अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला लागतात सुमारे ३००. हा तोटा लहान नाही, तरी तेवढ्याने चूल विझू नये.

खरा तोटा धुराचा आहे. लाकूड तापले की त्याच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग वायुरूपाने बाहेर पडतो, आणि ज्वाळा म्हणून आपण जी पाहतो ती या वायूंची असते. पाण्याची वाफ होत असेपर्यंत लाकडाचा तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, भोवतालचा जाळही थंडावतो, वायू पेट घेण्याइतके तापत नाहीत आणि न जळताच धूर होऊन छपराला लागतात. लाकडातील जळण्याजोगा मोठा हिस्सा अशा रीतीने डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणूनच ओले लाकूड जास्त घातल्याने जाळ वाढत नाही, उलट मंदावतो.

आता पावसाळी हवेचा प्रश्न. नीट वाळलेले लाकूड छपराखाली, पाण्याचा स्पर्श न होता ठेवले, तर नव्वद टक्के आर्द्रतेच्या हवेतही त्यात एकूण वजनाच्या २० टक्क्यांच्या आतच पाणी मुरते, आणि असे लाकूड बऱ्यापैकी जळते. उलट, जे लाकूड जूनपूर्वी वाळले नाही ते याच हवेत पुढेही जवळजवळ वाळत नाही, कारण हवाच पाणी घ्यायला तयार नसते. तेव्हा जुलैत धुमसणारे सरपण पडवीत आल्यावर ओले झालेले नसते. ते मेमध्येच ओले होते आणि तसेच राहिले. एप्रिल-मेमध्ये तोडलेले अखंड ओंडके आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, वाळण्याची शक्यताच नसते, मग ते कितीही उत्तम जातीचे असोत.

सरपण वजनावर घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. निम्मे पाणी असलेले १०० किलो ओले लाकूड २० टक्क्यांपर्यंत वाळले की ६२ किलोंच्या आसपास भरते. ओल्या मालाचा किलोमागे भाव वाळक्याच्या साठ-पासष्ट टक्के असेल तरच व्यवहार बरोबरीचा. तो सहसा तसा नसतो.

जात निवडताना

वजनाला वजन धरले तर कोरड्या लाकडांच्या उष्णतेत जातीपरत्वे फार मोठा फरक नसतो. फरक आहे तो आकारमानात. ऐनाचे एक घनमीटर वाळलेले लाकूड ८०० किलोंच्या आसपास भरते, सावरीचे त्याच्या निम्म्यालाही कष्टाने पोहोचते. त्यामुळे टेम्पोच्या भावाने घेताना हलके लाकूड आले तर नुकसान, आणि वजनाच्या भावाने घेताना ओले आले तर नुकसान. कोणत्या पद्धतीने आपण घेतो ते पाहून कशावर नजर ठेवायची ते ठरवावे.

कोकणात ऐन, किंजळ आणि धावडा यांचा निखारा टिकाऊ, म्हणून भाकरी, पेज आणि बंब या तिन्ही कामांना ही लाकडे चालतात. देशावर ती जागा बाभळीची आहे आणि तिला पर्याय शोधण्याचे कारण नाही. किनाऱ्यालगतच्या सुरूला लोक उगीच दुय्यम समजतात. वास्तविक जळणासाठी जगभर वाखाणलेल्या लाकडांपैकी ते एक आहे. कमी धुराने जळते, आणि थोडे दमट असतानाही जाळ धरते, जे फार थोड्या जातींच्या बाबतीत म्हणता येते. ज्याला उशिरा सरपण घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्याने सुरू मिळेल तर तेच घ्यावे. बांधावरची गिरीपुष्प आणि सुबाभूळ ही झाडे छाटली की पुन्हा फुटतात, त्यांची फांदी मनगटाएवढीच असल्याने फोडण्याचे श्रम वाचतात आणि ती लवकर वाळते. घरापुरते सरपण पिकवायचे असेल तर माझे मत यांच्याच बाजूने आहे.

आंबा, फणस, करंज मध्यम. आंब्याचे लाकूड वाळते लवकर, पण त्याला कीडही लवकर लागते. साग चांगला जळतो आणि सरळ फाटतो, परंतु त्याचे तुकडे आणि कापकाम झाल्यावर उरलेल्या कडाच सरपणात याव्यात. सावर, पांगारा, सातवीण, शेवगा ही लाकडे पेटवणासाठी ठेवावीत, बेगमीत मोजू नयेत. बिब्ब्याच्या झाडाचा रस त्वचेवर फोड आणतो, तेव्हा ते लाकूड फोडूही नये आणि जाळूही नये. थोर-शेराचा चीक आणि खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांना घातक आहे. शिवाय गेवा हे कांदळवनातले झाड असल्याने त्याला हात लावणे बेकायदेशीरही आहे. रंग दिलेली दारे-खिडक्या आणि प्लायवुडचे तुकडे चुलीत घालू नयेत.

महाराष्ट्र झाडतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, खैर, साग अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या जागेत असली तरी पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगीला लागणारा वेळ धरून अर्ज पावसाळा संपताच करणे शहाणपणाचे, नाहीतर तोडणी पुन्हा एप्रिलवर जाते आणि सगळेच मुसळ केरात.

फोडणे: येथेच बहुतेक वेळा चुकते

लाकडातील पाणी तंतूंच्या दिशेने, म्हणजे उभ्या शिरेने टोकाकडे, आडव्या दिशेपेक्षा दहा ते पंधरा पट वेगाने बाहेर येते, आणि सालीतून जवळजवळ येतच नाही. जाडी दुप्पट झाली की वाळायला लागणारा वेळ सुमारे चौपटीच्या घरात जातो. या दोन गोष्टींवरून सर्व नियम निघतात: लांबी कमी करावी, साल एका बाजूने तरी फोडावी, आणि हे सर्व तोडल्यानंतर लगेच करावे. मार्गशीर्ष-पौषात तोडलेले, हातभर लांबीचे कापलेले आणि मनगटापासून पोटरीएवढ्या जाडीपर्यंत फोडलेले लाकूड मेअखेर निश्चित तयार होते. तेच लाकूड अखंड ठेवून पावसाळ्यात लागेल तसे फोडायचे, ही अनेक घरांतली पद्धत म्हणजे समस्येचे मूळ आहे. फोडणे हे जळणाच्या आदल्या दिवशीचे काम नव्हे, ते वाळवण्याच्या कामाचा पहिला टप्पा आहे.

जातीचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. बाभूळ, ऐन, धावडा अशी जड लाकडे ताजी असताना कुऱ्हाडीला दाद देतात आणि वाळल्यावर कुऱ्हाड उडवून लावतात. निलगिरीची शीर पिळवटलेली असते. तोडल्यापासून आठवडाभरात फोडली तर काम होते, वाळल्यावर तिच्याशी झुंजावे लागते. चिंचेचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, म्हणूनच खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो, आणि म्हणूनच तो फुटत नाही. चिंचेचा बुंधा सरपणासाठी घ्यावाच लागला तर तो फोडण्याऐवजी करवतीने चकत्या करून कापावा. कडुनिंबाची तऱ्हा तिच्या जवळची. साग, सुरू, फणस यांची शीर पुष्कळशी सरळ असल्याने ती थोडी उशिरा फोडली तरी चालते. मनुष्यबळ किंवा दिवस कमी असतील तर पिळदार आणि जड लाकूड आधी, सरळ शिरेचे नंतर, असा क्रम ठेवावा. प्रत्यक्षात लोक उलट करतात: सोपे आधी उरकतात आणि कठीण लाकूड वाळून आणखी कठीण होईपर्यंत मागे ठेवतात.

कुऱ्हाड रुतून बसते, ही यातली नेहमीची अडचण. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची असते आणि ती तंतू कापते. फोडण्यासाठी तंतू एकमेकांपासून रेटून दूर करायचे असतात, त्यासाठी पात्यामागे गालाची जाडी हवी. लोहाराकडून जाड पाठीची, थोडी जड कुऱ्हाड वेगळी करून घेणे हा खर्च एकदाच होतो. तिची धार वस्तऱ्यासारखी नसली तरी चालते. तोपर्यंत पातळ कुऱ्हाडच वापरायची असेल तर ओंडक्याच्या मधोमध घाव घालू नये. टोकावर आधीपासून तडा असेल तर त्याच रेषेत, नसेल तर कडेजवळ घाव घालून प्रथम कडेच्या ढलप्या सोडवाव्यात आणि ओंडका भोवतीने सोलत आत जावे. हातभर व्यासाच्या बुंध्याला हाच मार्ग लागू पडतो, मग कुऱ्हाड कोणतीही असो.

गाठ असलेला तुकडा उभा करताना गाठ खाली ठेवावी आणि गाठीपासून दूरच्या टोकाकडून चीर सुरू करावी. चीर गाठीपाशी येऊन थांबली तर कुऱ्हाडीने मारत बसण्यात अर्थ नाही. लोखंडी पाचर लावून घणाने ठोकावी, आणि ती बुडाली तर सोडवण्यासाठी दुसरी हाताशी असावी. पाचरेचा माथा ठोकून ठोकून फुलतो आणि त्याच्या कडा तुकडे होऊन उडतात, तेव्हा तो वेळोवेळी घासून साफ करावा. कुऱ्हाडीच्या पाठीने पाचर ठोकू नये, कारण त्याने नेढे (दांडा बसवण्याचे भोक) फाटते. दुबेळकी (दोन फांद्या फुटतात तो भाग) आणि बुंध्याची मुळाकडची बाजू फार त्रास देत असेल तर ती तशीच बाजूला काढावी. दोन उन्हाळे उघड्यावर गेले की असे ओबडधोबड ठोकळे बंबाला उपयोगी पडतात.

खालचा ठोकळा गुडघ्याच्या किंचित खाली येईल एवढ्या उंचीचा आणि रुंद असावा. जमिनीवर ठेवून फोडले तर घाव जमिनीत मुरतो आणि जांभ्याच्या कातळावर धार जाते. ठोकळ्यावर मोटारीचा जुना टायर ठेवून त्यात तुकडे उभे केले तर प्रत्येक घावानंतर वाकून ते पुन्हा उभे करावे लागत नाहीत, आणि पाय बराच सुरक्षित राहतो. दांडा उन्हाळ्यात आकसून सैल होतो, म्हणून कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आहे. ती तात्पुरती असते. फुगलेले लाकूड नेढ्यात चेपले जाते आणि पुन्हा वाळल्यावर अधिकच सैल होते. दांडा खाली ठोकून वरून नवी पाचर मारणे हाच उपाय, आणि सैल कुऱ्हाडीने एकही घाव घालू नये. समोरच्या बाजूला कोणी उभे राहू नये, विशेषतः मुले.

रचणे आणि कीड

फोडलेले लाकूड जमिनीवर टेकवू नये. खाली चिरे मांडून त्यावर दोन आडव्या बल्ल्या टाकल्या की वाळवीला वाट मिळत नाही आणि खालून वारा खेळतो. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे, कारण पावसाळ्यात जांभ्याची भिंत स्वतः पाणी धरते. ताडपत्री फक्त वरून टाकावी. चारही बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या ढिगातील वाफ आतच राहते आणि बुरशी चढते. ढिगाला थेट ऊन आणि वारा यांपैकी एकच मिळणार असेल तर वारा निवडावा.

लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडू लागली तर भुंगा लागला आहे. तो सालीखालच्या फिकट लाकडातील पिठूळ द्रव्यावर जगतो, म्हणून आंबा, सावर आणि बांबू यांना आधी लागतो आणि ऐन-बाभळीच्या गडद गाभ्याला सहसा लागत नाही. फवारे मारू नयेत. हेच लाकूड चुलीत जायचे आहे. आंब्याची साल ताजी असताना काढून टाकावी आणि कीड दिसलेले लाकूड सर्वांत आधी जाळावे.

रचलेल्या फाटीत फुरसे आणि विंचू आश्रय घेतात. अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. बॅटरी घ्यावी, काठीने आधी ढीग हलवावा आणि नेहमी वरच्या थरातूनच काढावे.

पावसाळा सुरू झाला आहे आणि लाकूड ओलेच आहे

या वर्षापुरती डागडुजी शक्य आहे. ढिगातील जाड तुकडे आणखी फोडून दोन बोटांएवढे बारीक करावेत, कारण दमट हवेतही बारीक लाकूड थोडे तरी वाळते आणि जाळात घातल्यावर लवकर तापते. आठवड्याच्या गरजेपुरते लाकूड चुलीजवळच्या उबेत किंवा चुलीवरच्या माळ्यावर ठेवावे. मात्र ते जाळाच्या टप्प्याबाहेर राहील इतक्या उंचीवर असावे आणि रात्री विस्तव पूर्ण झाकावा. पेटवण करवंट्या, नारळाची सोडणे (काथ्याचे वरचे आवरण) आणि वाळक्या झावळीची करावी, वाळलेले लाकूड वेगळे मोजून ठेवावे आणि दोन वाळक्या तुकड्यांत एक ओलसर, या प्रमाणात घालावे. रॉकेल ओतून उपयोग नाही. ते वरवर जळते आणि आतले पाणी तेथेच राहते. जे तुकडे एवढे करूनही फेस धरतात ते वेगळे काढून छपराखाली हवेशीर रचावेत आणि दसऱ्यानंतर ऊन पडू लागले की बाहेर काढून पसरावेत. तोवर त्यांना चुलीत घालू नये.